एकशे चाळीस होड्यांखालची ओळ

वाऱ्यानं दार आपटलं आणि तो आत आला. केस विस्कटलेले, एका हातात पेन ड्राइव्ह, दुसऱ्यात अर्धी खाल्लेली एम्पानादा.

"होड्यांचं पुस्तक इथेच छापताय ना?"

"हो. पण खाणं बाहेर."

चिलीतल्या वाल्परायसोच्या चढावरचा तो छापखाना आमच्या मालकीणबाई दोन्या एल्सिरांचा. छपाईच्या फायली मी तयार करायची. त्याच्या, म्हणजे बाल्तासारच्या, होड्यांच्या एकशे चाळीस फोटोंच्या फायलींत साठवायची माहिती पार कोरी होती… ना फोटो काढणाऱ्याचं नाव, ना जागा, ना तारीख. माझ्या जिवाला घोर लागला. मी आहेच तशी. आता तर आमच्या लेकीच्या, आयलीनच्या, प्रत्येक फ्रॉकच्या आत मी नाव शिवते.

मग तो रोज येऊन शेजारी बसायचा. खिडकीत धुकं, टेबलावर चहा. तो सांगायचा, मी टाइप करायची.

"ही कुठली होडी?"

"विसरलो, यास्ना. उद्या सांगतो."

"तुम्ही रोज एक तरी विसरताच!"

"रोज एकच. जास्त नाही."

शुक्रवारी तो दोन वर्षांच्या कामावर दक्षिणेला जाणार होता. बुधवारी तो गेल्यावर एका फोटोच्या वर्णनात मला त्यानं गुपचूप टाइप केलेली ओळ दिसली – 'नाव विसरलो म्हटलं की यास्नाच्या कपाळावर आठी पडते. ती बघायला मी रोज येतो.'

कान तापले. मी ती पुसली नाही… बोलायचं धाडसही झालं नाही. त्याच धांदलीत, त्याचं नाव आणि कॉपीराइटची ओळ सगळ्या फोटोंत घालायला मी नेमक्या त्याच फोटोची माहिती उचलून बाकीच्यांवर चढवली. आणि आमच्या पानांवर फोटोखालचा मजकूर वर्णनाच्या रकान्यातूनच आपोआप यायचा!

गुरुवारी सकाळी नमुन्याची पानं दोन्या एल्सिरांच्या हातात.

"पोरी, एकशे चाळीस होड्या, आणि सगळ्या तुझ्याच कपाळावर नांगरल्यात होय?"

छापखानाभर हशा. दारात बाल्तासार, कानापर्यंत लाल.

"काढून टाका ती ओळ," तो पुटपुटला. "उद्या जातोच आहे मी."

मी खुर्चीत बसले. एकशे एकोणचाळीस फोटोंतून ओळ काढली, होड्यांची नावं परत भरली. शेवटच्याशी हात थांबला.

"आणि ही?" त्यानं विचारलं.

"ही आतच राहील. फोटोखाली होडीचं नाव मी पानावर हातानं टाकेन." माझा आवाज मलाच ओळखू येईना. "संपर्काचा रकाना अजून कोरा आहे. पत्ता सांग."

मी पहिल्यांदाच त्याला 'तू' म्हटलं होतं. त्याच्या ते लक्षात आलं.

"उद्यापासून… पत्ताच नाही मला."

मी टाइप केलं. तो वाकून वाचायला लागला – गल्ली, घर नंबर, तिसरा मजला.

"अगं, पण हे तर तुझं घर!"

"हो ना. तुझं टपाल तिथे येऊ दे," मी फाइल सेव्ह केली. "आणि काम संपलं की… पाठोपाठ तूही."