टाकळीची रिकामी बस

एक कोडं घालते. संध्याकाळच्या टाकळीच्या बसमध्ये एकतीस मुली बसायच्या. आठवडाभरात त्या उरल्या दोन. बाकीच्यांपैकी कुणी आजारी पडलं नव्हतं, कुणी गाव सोडलं नव्हतं, सगळ्या रोज शाळेत येत होत्या. मग एकोणतीस मुली गेल्या कुठे?

हे कोडं आमच्या नानांनाही सुटलं नाही. नाना म्हणजे माझे आजोबा, डॉक्टर मनोहर देवस्थळी, वाहतूकशास्त्रज्ञ. २०५७ सालात आमच्या शहरातल्या प्रत्येक बसथांब्यावर जो बोलणारा खांब उभा आहे, तो त्यांनीच बनवलाय. किती माणसं बसमध्ये चढली, किती उतरली, रस्त्यावरून किती गाड्या गेल्या, हे तो मोजतो. आम्ही पोरी त्याला मोजराव म्हणतो. त्याचे आकडे प्रादेशिक वाहतूक मंडळाकडे (शहर आणि भोवतालच्या चाळीस गावांच्या बस आणि रस्ते ठरवणारी समिती) जातात आणि त्यावरून सगळे निर्णय होतात. "माणूस थापा मारेल, मोजराव नाही," असं नाना चारचौघांत छाती फुगवून सांगायचे.

आता काय झालं ते ऐका. माझ्या बाकावर गौतमी खरात बसायची. विज्ञानात माझ्यापेक्षा हुशार, हे मी कबूल करते. ती टाकळीची. आमची शाळा पाचला सुटते, पण मग वंदे मातरम्, मग रांगा, मग फाटक. थांब्यावर पोचेपर्यंत पाच वाजून सात मिनिटं होतात. बसची वेळ मात्र पाचची. तरी वर्षानुवर्षं कुणाची बस चुकली नाही, कारण कंडक्टर पठाणमामा बरोबर पाचला खाली उतरायचे आणि शेवटची मुलगी चढेपर्यंत टायरांवर लाथा मारत हवा तपासायचे. हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं.

गेल्या वर्षी जुलैत बिनचालकाची, बिनकंडक्टरची बस आली. तिला टायर तपासायचे नव्हते. पाचला दार बंद, बस चालू. बाईंची परवानगी काढून लवकर निघणाऱ्या दोघींनाच ती मिळायची.

सहा किलोमीटर चालणार कोण? कुणाचे भाऊ मोटारसायकल घेऊन येऊ लागले, कुणी जीपला लोंबकळून जाऊ लागल्या. मोजरावने इमानदारीत नोंद केली: बसचे प्रवासी दोन, रस्त्यावरची वाहनं वाढली. मंडळाने तितक्याच इमानदारीत बस बंद केली आणि रस्ता रुंद करायला घेतला. त्यात कडुनिंबाची ओळ गेली, पदपथ गेला. गौतमीला न्यायला कुणी नव्हतं. ती पदपथावरून चालत जायची. पदपथ गेल्यावर तिच्या आईने तिला घरी बसवलं.

बाक अर्धा रिकामा झाला. मी नानांशी कडाडून भांडले.

"ऋजू, आकडे बघ ना," ते म्हणाले. "त्या बसला मागणीच नव्हती."

मी त्यांचा हात धरून थांब्यावर नेलं आणि त्यांच्यासमोर विचारलं, "मोजराव, गौतमी का येत नाही?"

"माझ्याकडे फक्त चढलेल्या आणि उतरलेल्या प्रवाशांची नोंद आहे," तो गोड आवाजात म्हणाला.

"आणि ज्यांची बस चुकली त्या?"

"जे घडलं नाही, ते मला मोजता येत नाही."

नाना तिथल्या बाकावर बसले. मग म्हणाले, "चूक खांबाची नाही गं, माझी आहे. दुकानाला कुलूप लावायचं आणि गिऱ्हाईकच येत नाही म्हणून दुकान मोडायचं, तसं केलं मी. जी मोजता येते ती दिसणारी मागणी. पण ज्यांना जायचंय आणि जाता येत नाही, त्यांची दबलेली मागणी (सोय नसल्यामुळे न दिसणारी गरज). ती खांबाला दिसत नाही. बस गैरसोयीची केली की गाड्या वाढतात. गाड्या वाढल्या की रस्ता रुंद होतो, चालणाऱ्याची जागा जाते, मग तोही गाडी घेतो. आणि रस्ता पुन्हा भरतो."

"मग दबलेली मागणी मोजायची कशी?"

"घरी जाऊन विचारायचं," नाना म्हणाले. इतकं सोपं होतं! मला रडूच आलं, रागाने.

आम्ही टाकळीत दारोदार फिरलो. बस कधी हवी, कुठे जायला हवी, नसल्यामुळे काय अडलं, असं विचारत. एका आजींचा डोळ्यांचा दवाखाना सुटला होता. एका ताईची नोकरी. गौतमीच्या आईने नानांना पाणी दिलं आणि विचारलं, "सायेब, हे बस बंद करायच्या आदी का न्हाई इचारलं?"

नानांनी मान खाली घातली. तो प्रश्नही त्यांनी कागदावर उतरवला.

ते कागद घेऊन नाना मंडळात सात वेळा गेले. मंडळाला घाई फक्त बंद करायची असते, सुरू करायची नाही. अखेर यंदा जूनमध्ये बस परत आली, सव्वापाचची. आता कुठलीही बस बंद करण्याआधी गावात जाऊन विचारायचं, असा नियमही झाला. पदपथही पुन्हा बांधणार आहेत. कडुनिंबांना मात्र वीस वर्षं लागतील.

पहिल्या दिवशी मी नानांबरोबर गौतमीला सोडायला थांब्यावर गेले. बसमध्ये चौदा जणी चढल्या. एकतीस नाही, चौदा. "वाढतील," नाना पुटपुटले. वाढतीलही. न आलेल्यांपैकी काहींची लग्नाची बोलणी सुरू आहेत, हे नानांना माहीत नव्हतं.

मी आता आठवीत आहे. गौतमी पुन्हा सातवीत. ती तिच्या नव्या वर्गातल्या लहान मुलींमध्ये बसली होती, वही उघडून. मी खिडकीपाशी जाऊन हाक मारली, "अगं, दाराशी ये ना, बस सुटेपर्यंत गप्पा मारू!"

"नको," ती म्हणाली. "उद्या ह्यांची विज्ञानाची चाचणी आहे." मग वहीचं पान उलटून म्हणाली, "आमची."