सतरा नंबरचा सैल प्लग

प्रेम ही विश्वातली सर्वांत प्रचंड शक्ती आहे. तिच्यापुढे सम्राट झुकले, साम्राज्यं धुळीला मिळाली. मकावमध्ये मात्र ती सतरा नंबरच्या टेबलाखालच्या एका सैल प्लगमधून आली, तीही सोमवारी, जेवणाची सुट्टी तोंडावर आली असताना.

सिन-यी कॅसिनोत बाकारा या जुगाराचे पत्ते वाटत होती. अचानक शेजारचा निकालांचा बोर्ड विझला. पत्ते जागेवर होते, माणसं जागेवर होती. फक्त झालेल्या डावांची लाल-निळी वर्तुळं गेली, आणि सगळ्यांनी हात आखडते घेतले. डावाला बाजू दोनच: बँकर जिंकला की लाल, प्लेअर जिंकला की निळं. एकच बाजू जिंकत राहिली की रांग खाली खाली उतरते, तिला म्हणायचं ड्रॅगन. वर्तुळांचा हा 'रस्ता' दिसत नसेल तर डाव लावायचा कशाच्या जोरावर? पत्त्यांना मागचं काहीच आठवत नसतं, हे सिन-यीला पक्कं ठाऊक होतं. पण ते सांगण्याचा तिला पगार मिळत नव्हता.

मग हो-लाम आला. बोर्ड दुरुस्त करणारा. कानामागे स्क्रूड्रायव्हर. टेबलाखाली शिरताना त्याचं डोकं तिच्या बुटांपाशी आलं.

"बूट छान आहेत," खालून आवाज आला.

"कंपनीचे आहेत. सगळ्यांना तेच दिलेत."

"सगळ्यांचे मी कुठं बघितलेत?"

बोर्ड लागला, कोरा करकरीत. "नवा रस्ता!" म्हणून सांकूनं टाळी वाजवली. तिकडच्या भाषेत सांकू म्हणजे तिसरी आत्या. नेहमी खेळायला येणाऱ्या त्या म्हातारीला सगळं कॅसिनो आत्या म्हणायचं, भाचा मात्र तिला एकही नव्हता.

मंगळवारी बोर्ड पुन्हा विझला. बुधवारीही. आणि फक्त सतराचाच.

"ओल आलीय," हो-लाम म्हणाला. "हवाच तशी आहे."

बाहेर भिंतींना घाम फुटला होता, हे खरं. पण आत एसी असा की सांकू स्वेटरवर शाल घेऊन बसायची. ओल? इथं?

बोर्डावर मोठ्या रस्त्याखाली तीन धाकटे रस्ते असतात. सर्वांत धाकट्याचं नाव झुरळ. तिथला लाल रंग कोण जिंकलं ते सांगत नाही. वरचं सगळं ठरल्यासारखं चाललंय, एवढंच सांगतो. निळा म्हणजे गोंधळ. सिन-यीच्या मनातलं झुरळ लालेलाल झालं. बोर्ड विझतो, हा येतो, आणि दर वेळी केस विंचरलेले. बोर्ड विझणार हे ज्याला माहीत नाही, तो विंचरून का येतो?

"एक प्लग खोचायला इतका वेळ?" तिनं विचारलं.

"घाईत खोचला की सैल राहतो."

"तूच काढतोस ना?"

"मी? दिवसभर इथं उभी कोण असते? मला तर वाटलं… तुझा पाय…"

"माझा पाय!"

"चांगला आहे. तक्रार नाही माझी."

टेबल सोडताना तिनं नियमाप्रमाणे दोन्ही तळवे छताच्या कॅमेऱ्याला दाखवले — काही लपवलेलं नाही. गालांबद्दल नियम नव्हता, म्हणून बरं.

गुरुवारी बोर्ड परत गेला. शुक्रवारी सुपरवायझर फोंग साहेब तिच्या कानाशी आले. "पुन्हा विझला तर चौकशी लावतो. जो काढत असेल, तो घरी जाईल."

सिन-यीला झोप लागेना. हो-लाम काढत असेल, तर त्याची नोकरी गेली. आणि काढत नसेल, तर… तर ते त्याहून वाईट.

शनिवारी सांकूला निळा ड्रॅगन गिळत सुटला होता. ती लाल लावी, निळं येई. बोर्ड विझला. बाकीचे खेळाडू रस्ता शोधायला दुसऱ्या टेबलांकडे पांगले. फोंग साहेब फोनकडे धावले. हो-लाम आला, खाली वाकला, आणि बाहेर आला तो चेहरा पाडून.

"सांकू आहे," तो पुटपुटला. "चप्पल अडकलीय वायरीत."

"म्हणजे… तू नव्हतास?"

"तूही नव्हतीस?"

दोघांइतकी दुःखी निर्दोष माणसं मकावनं पाहिली नसतील.

"मग काय करू?" सांकू उसळली. "बोर्ड पुसला की दैव पुसतं! पण ए देखण्या, मंगळवारचं माझ्या माथी मारू नकोस. मंगळवारी मी गुडघ्याच्या डॉक्टरकडे होते. आणि गुरुवारी तर जिंकत होते. जिंकणारी बाई वायर काढते का?"

हो-लामनं कानामागचा स्क्रूड्रायव्हर उगाच चाचपला.

"सोमवारी मी तो… जरासा सैल ठेवला होता. मंगळवारसाठी."

"गुरुवारी," सिन-यी बुटांकडे बघत म्हणाली, "माझा पाय. कल्पना तुझीच होती."

"चांगलाच आहे पाय…" तो म्हणाला. "सिन-यी, मला तू आवडतेस. बोर्ड चालू असतानाही."

तिनं तळवे पुढे केले. या वेळी कॅमेऱ्याकडे नव्हे. त्यानं ते धरले.

तेवढ्यात फोंग साहेब परतले. "कोण काढतं वायर?"

"मी," सांकू म्हणाली. "सगळ्या वेळा मीच. हाकलणार म्हातारीला?"

साहेबांनी सांकूकडे पाहिलं. अशा निष्ठेनं हरणारं गिऱ्हाईक मिळतं कुठं? ते अदबीनं हसले आणि चहा सांगायला गेले.

सिन-यीचे डोळे भरून आले. "सांकू, तुमचे उपकार…"

"उपकार राहू देत," सांकू म्हणाली. "हात सोडून झाले की कुणीतरी खाली वाका. माझी चप्पल अजून आतच आहे, आणि पाय गारठलाय."