उंबऱ्याच्या आतला वास

माधवनगरची रेश्मा त्या दिवशी कराडला निघाली ती चटणीची पाकिटं परत आणायला. काम एवढंच. सकाळची पॅसेंजर धरायची, दुकानातून पिशवी उचलायची आणि संध्याकाळच्या गाडीनं माघारी यायचं. नवरा जोतीराम यंत्रमागावर कामाला होता. त्याच्या हातात डबा देऊन ती म्हणाली, "दिवेलागणीपतोर येते," आणि स्टेशनकडं चालू लागली.

रेश्माच्या हातच्या कांदा-लसूण चटणीला एके काळी लांबून मागणी यायची. तव्यावरचं खोबरं कधी उतरवायचं, धणे कधी हलवायचे, हे तिला डोळ्यांनी बघावंच लागायचं नाही. नाक सांगायचं. मग कोरोनाची दुसरी लाट आली. रेश्मा सांगलीच्या एका कोविड वॉर्डात पडून राहिली, वाचली, घरी आली. ताप गेला, खोकला गेला, पण त्यांच्याबरोबर वास आणि चवही गेली, आणि ती काही परतली नाही. डॉक्टर म्हणायचे, येईल हळूहळू. पुढचा उन्हाळा तोंडावर आला तरी तिला आमटी म्हणजे ऊन पाणी आणि भाकरी म्हणजे ओला पुठ्ठाच वाटत होता. चटणी ती अंदाजानं कुटायची.

कराडचा दुकानदार धैर्यशील भला माणूस. त्यानं पिशवी पुढं सरकवली आणि नजर चुकवत म्हणाला, "वहिनी, खोबरं करपलंय. गिऱ्हाईक वास घेऊनच माघारी ठेवतंय. तुमची तब्येत सुधारू दे. मग बघू की."

रेश्मा पिशवी उचलून बाहेर आली. ऊन चांगलंच वर चढलं होतं. आता स्टेशनकडं जावं म्हणून तिनं रस्ता ओलांडला, आणि मधोमधच थबकली.

तिला वास आला.

बाभळीच्या ओल्या लाकडाचा धूर. त्यात म्हशीच्या कोमट दुधाचा वास, भाजलेल्या तंबाखूच्या मिश्रीचा कडवट वास, आणि खाली कुठंतरी ट्रंकेत घडी करून ठेवलेल्या लुगड्यांचा, डांबरगोळ्यांचा वास. इतका स्पष्ट, की आपण कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या आहोत असं तिला वाटलं. मागून रिक्षावाला ओरडला तशी ती बाजूला झाली. परतलं एकदाचं नाक! तिनं फळांच्या गाड्यावरची मोसंबी उचलून नाकाशी धरली.

काहीच नाही.

शेजारी माणसं भरून नेणारी वडापची जीप धूर ओकत उभी होती. त्या धुरालाही वास नव्हता. नाकात फक्त ते कुणाचंतरी घर होतं.

"पाटण रोड, पाटण रोड…" वडापवाला हाका मारत होता. ती जीपजवळ गेली आणि वास दाट झाला. दोन पावलं मागं सरली, तर विरळ झाला. आपण काय करतोय हे रेश्माला धड कळत नव्हतं. पण वर्षभर उपाशी असलेल्या माणसानं ताटामागं जावं तशी ती जीपमध्ये चढून बसली.

शेजारच्या बाईला तिनं हळूच विचारलं, "धुराचा वास येतोय न्हवं?"

"कसला धूर?" बाई खिडकीबाहेर बघत म्हणाली. "काय न्हाई की."

कोयना कधी डाव्या हाताला दिसायची, कधी उसाआड जायची. एका फाट्यावर वास असा अंगावर आला, की रेश्माच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ती तिथंच उतरली. जीप गेली. दुपारची वेळ होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस, मधून बैलगाडीची वाट. वारा पडला होता, तरी आत कुठंतरी उसाचं वाळलेलं पाचट सळसळत होतं. ती चालायची तसं सळसळायचं, ती थांबली की थांबायचं. तिनं दोनदा मागं वळून पाहिलं. मग पाहायचं सोडून दिलं.

वाट संपली तिथं एक स्लॅबचं साधं घर होतं. पुढं पत्र्याची शेड, शेडमध्ये म्हैस. पायरीवर साठीचा एक ताठ माणूस दोरी वळत बसला होता. मिशा पिळदार, अंगात लष्करी बनियन.

"कोन पायजे, ताई?"

काय सांगावं? ती म्हणाली, "पाणी मिळंल का?"

"या की. आत या. ऊन लय हाय." तो उठला. "मी लालासाहेब. आर्मीतनं रिटायर झालोय. आई, पाव्हनी आलीया गं."

रेश्मानं उंबऱ्याच्या आत पाय टाकला आणि गच्च डोळे मिटले. सगळा वास इथलाच होता. धूर, दूध, मिश्री, लुगडी. भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती. तिच्या डोक्यावर, खिळ्याला, हार घातलेला फोटो होता.

फोटोतलं कुंकू, ती रुंद हनुवटी… हे तोंड रेश्मानं पाहिलेलं होतं.

वॉर्डात तिच्या शेजारच्या खाटेवर होत्या त्या शालूबाई. रात्रभर पुटपुटायच्या, "डोळं मिटलं की घर यायचं गं नाकात. आता यीना. कुठं गेलं म्हनावं?" शेवटच्या पहाटे त्यांनी हात लांब करून रेश्माचा हात ओढला, तळवा नाकाशी धरला आणि लांब श्वास घेतला. खूप लांब. तो सोडलेला मात्र रेश्माला दिसला नाही. मग सिस्टर धावत आल्या आणि पडदा ओढला गेला.

"ह्या… शालूबाई?" रेश्मानं विचारलं.

लालासाहेबानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "माजी मंडळी. कराडात खाट मिळंना म्हनून सांगलीला नेली व्हती. तुमी वळखत व्हता?"

"शेजारची खाट होती माझी." फोटोकडं बघत ती म्हणाली, "त्या म्हणायच्या घराचा वास… खरंच किती येतोय. धूर, दूध…"

फोटोपुढं उदबत्ती जळत होती. तिच्या धुराची रेघ सरळ वर चढत होती. त्या उदबत्तीचा वास रेश्माला येत नव्हता, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

"तुमाला वास येतोय?" लालासाहेब हलक्या आवाजात म्हणाला. "ह्या घरात?"

"का हो?"

"शालू गेल्यापासनं हितं कशालाच वास न्हाई, ताई. आमी दोघं धड हाय. भाईर गेलो की ऊस, शेन, समदं येतंय. उंबऱ्याच्या आत पाय टाकला की बंद. शेजारचा सोपान आला, त्याचंबी तसंच. दूध करपून कोळसा झालं तरी कळत न्हाई. मागं ग्यास सुटला व्हता. आमी दोघं हितंच बसल्यालो. सोपान भाईरनं ओरडला म्हनून वाचलो."

म्हातारीनं मान वर केली. आक्काताई तिचं नाव. डोळ्यांवर मोतीबिंदूची साय होती, पण रोख थेट रेश्माकडं होता.

"तुज्याकडं हाय व्हय ते?" ती म्हणाली. "आमचं हाय, पोरी. दिऊन जा."

"मी… कसं देऊ?"

"जेव हितं. तिच्या पानावर."

तेव्हा रेश्माला चुलीपुढचं वाढलेलं ताट दिसलं. भाकरी, खरडा, दही, मिठाची चिमूट. पाट मांडलेला, पाण्याचा गडू भरलेला. पाटावर कुणीच नव्हतं.

"रोज वाढती आई," लालासाहेब पुटपुटला. "भाकरी सोपानच्या घरनं येती. सांजच्याला गाईला घालतो. तुमी मनावर घिऊ नगा, ताई. पानी प्या आन् निगा."

रेश्मा निघालीही असती. मेलेल्या बाईच्या पानावर बसायचं म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पण दुसरीच भीती तिला धरून बसली होती. वर्षभरात नाकात आलेला हा एकच वास. तोही दिला, तर आपल्याकडं काय उरणार? आणि नाही दिला तर… या दोघांचा गॅस पुन्हा सुटेल, आणि सोपान तेव्हा बाहेर असेलच असं नाही.

ती पाटावर बसली.

पहिल्या घासालाच मिरची जिभेला लागली. खरीखुरी, झणझणीत. तिला रडू फुटलं. मग दुसरा घास, तिसरा. ही भूक आपली नाही हे तिला समजत होतं. हात थांबत नव्हता. भाकरीचा पापुद्रा सोलून तिनं आधी बाजूला ठेवला, त्यावर मीठ टाकलं, शेवटी खायला. असं ती आयुष्यात कधी जेवली नव्हती.

"आई…" लालासाहेब भिंतीकडं सरकत म्हणाला. "पापुद्रा बघ… शालूगत…"

"गप रं. जेवू दे तिला."

ताट स्वच्छ झालं. तो पापुद्रा तोंडात गेला आणि रेश्माच्या छातीतून श्वास बाहेर पडू लागला. पडतच राहिला. एवढी हवा आपण आत कधी घेतली होती? कान घुमले, खोली काळवंडली, बोटं गार पडली. मग एकदाचा तो संपला आणि नाक पुन्हा कोरं झालं.

आक्काताईनं तोंड वर केलं. नाकपुड्या थरथरल्या.

"लाला… म्हशीचा वास आला रं. उदबत्तीचाबी. आलं रं, आलं समदं."

लालासाहेब दाराच्या चौकटीला धरून हमसून रडला. रेश्मा कशीबशी उठली. निरोप घेताना त्यानं तिचा फोन नंबर घेतला. ती उसातून भराभर चालत फाट्याला आली. या वेळी पाचट सळसळलं नाही.

कराडहून परतीच्या गाडीत ती डोकं टेकून बसली होती. भिलवडीच्या आसपास कुणीतरी उकडलेल्या शेंगांची पुडी सोडली आणि तिनं दचकून डोळे उघडले. शेंगांचा वास! मग सीटच्या रेक्झिनचा, समोरच्या बाईच्या गजऱ्याचा, कुणाच्या घामाचा. घरी पोचेपर्यंत सगळं जग नाकात परतलं होतं. कराडमधल्या रस्त्यावरच्या वासाविषयी ती जोतीरामला काही बोलली नाही. डॉक्टर म्हणायचे तसं झालं, एवढंच सांगितलं. पुन्हा चटणी कुटली. धैर्यशीलनं पाकिटं ठेवून घेतली. दिवस बरे गेले.

पाऊसकाळ सरत आला होता, तेव्हा एका दुपारी लालासाहेबाचा फोन आला.

"ताई, बऱ्या हायसा?"

"बरी आहे. आक्काताई कशा आहेत?"

"आई लय झ्याक. दोन्ही वक्ताला पोटभर जेवती." त्याचा आवाज खाली आला. "एक इचारू का? राग मानू नगा. त्या दिवशी तुमी वास तेवढाच ठिऊन गेला न्हवं? का… संगं आनिक कोन व्हतं?"

"संगं? कोण असणार?"

"आता सोपानच्या घरनं भाकरी येत न्हाई. आईच नगं म्हनली. म्हनती, घरात ताजी व्हतीया तर कशाला…"

बोलता बोलता तो गप्प झाला. त्या शांततेत रेश्माला फोनमधून आवाज आला. परातीत पिठावर हात पडत होता. थप… थप… थप. सवयीच्या हाताची भाकरी.

"आक्काताई भाकरी करतायत का?" तिनं विचारलं.

"आई हितं हाय. माज्या शेजारी," लालासाहेब कुजबुजला. "तुमालाबी येतंय ऐकू?"

थापणं थांबलं.

रेश्मानं फोन कानापासून दूर केला. तिच्या स्वयंपाकघरात भांडी पालथी होती, गॅस बंद होता, तवा खिळ्याला टांगलेला होता. बाहेरच्या खोलीत दुपारपाळीला निघालेला जोतीराम चपला घालत होता. तो थबकला आणि नाक वर करून हसत म्हणाला,

"आज चुलीवरची भाकरी केलीस व्हय गं? लय झ्याक वास सुटलाय."