आरोहीचे सहा आठवडे

पस्तीस वर्षं मी पाण्याचे नमुने तपासले. बाटलीवर तारीख नसली, तर पाणी कितीही स्वच्छ दिसो, मी नमुना परत पाठवायचो. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना मला हळवा म्हातारा समजू नका. सगळं तारखांसकट लिहून ठेवलंय.

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे शिगवण. माझं नाव शिवा, बायको शैला. मीरा रोडला पूनम सागरमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. आरोही आमची एकुलती एक. एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला असताना तिला स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या एका बंदरगावातून पत्र आलं. तिथल्या छोट्या रुग्णालयात सहा आठवडे काम शिकायला ये, म्हणून. त्या पत्राची झेरॉक्स शैलाने इमारतीतल्या प्रत्येकाला दाखवली. खालच्या किराणावाल्या हंसाबेनने तर ती काउंटरच्या काचेखाली ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागली, "हमारी बेटी विलायत जा रही है."

ऑक्टोबरचं तिकीट काढलं होतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आरोहीला ताप आला आणि पाचव्या दिवशी ती गेली. ती येणार नसल्याचा मेल रुग्णालयाला मीच केला. एकोणीस तारखेला, सकाळी अकरा वाजता.

पुढच्या वर्षी आम्ही तिच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू केली. माझा धाकटा भाऊ सदू सचिव झाला. काशीमीऱ्याला त्याचं गॅरेज आहे, लोकांशी बोलणं त्याला जमतं. मीरा-भाईंदरमधल्या एका मेडिकलच्या विद्यार्थ्याला दर वर्षी त्याच रुग्णालयात, त्याच सहा आठवड्यांसाठी पाठवायचं, एवढाच नियम. शैला म्हणाली, "तिची जागा रिकामी राहायला नको."

पहिला गेला आमच्याकडच्याच, खाडीकाठच्या वरसाव्याचा प्रीतम. कोळ्याचं पोर, हुशार आणि अबोल. त्याच्या सत्काराला त्याची आजी कमळाबाई नाकात नथ घालून आली होती. तिने शैलाचे दोन्ही हात धरले. "आमचे घरान कोनी इमानान बसला न्हाय. यो पयला हाय." त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी शैला पोटभर जेवली.

डिसेंबरमध्ये प्रीतम अहवाल आणि बिस्किटांचा डबा घेऊन घरी आला. काय काय शिकला ते सांगून झाल्यावर म्हणाला, "काका, तिकडची हेड नर्स आरोहीताईबद्दल विचारत होती. कशी आहे, आता कुठे काम करतेय."

"शिष्यवृत्तीच्या कागदावर नाव वाचलं असेल," मी म्हटलं.

"हां, मलापण तेच वाटलं. पण शिगवण एकदम बरोबर म्हणाली, काका. मला सहा आठवडे प्रायटम म्हणत होती."

मी हसलो. शैलाने डबा उघडला आणि तसाच पुन्हा बंद केला.

२०२४ मध्ये भाईंदरची दिशा गेली. बोलकी, धीट मुलगी. दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी, आमच्या चहाच्या वेळेला, तिचा व्हिडिओ कॉल आला.

"काका, काकू, इथले एक आजोबा तुमच्याशी बोलायचं म्हणतायत. मी आरोहीताईच्या आईवडिलांना फोन करतेय म्हटलं, तर हट्टच धरून बसले."

पडद्यावर एक गोरा म्हातारा आला. लालबुंद गाल, नाकात ऑक्सिजनची नळी. आयुष्यभर मासेमारी केलेला माणूस, असं दिशाने सांगितलं. त्याने आमच्याकडे नीट पाहिलं आणि एकेक शब्द तोलत चक्क मराठीत म्हणाला, "दुखतंय का? नाही. बरं वाटतंय."

मी हातातली बशी खाली ठेवली.

"मी नाही हं शिकवलं," दिशा घाईने म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. तेव्हा एक मुलगी रोज सकाळी यायची आणि सवयीने आपल्याच भाषेत विचारायची. मग तिनेच उत्तर शिकवलं, म्हणतायत."

"कोण मुलगी?" शैलाने विचारलं.

म्हाताऱ्याने ते दिशाकडून समजून घेतलं. मग नाव सांगितलं. आरोही. 'ही' लांबवत, आम्ही हाक मारायचो तशी.

दिशाने फोन फिरवला. भिंतीशी एक कपाट होतं, त्याच्या खणांवर बँडेजचे आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. प्रत्येक साताच्या पोटातून एक आडवी रेघ गेली होती. ती रेघ मी आरोहीला लहानपणी शिकवली होती. आमच्या लॅबमध्ये इंग्रजी एक आणि सात यांची गल्लत होऊ नये म्हणून आम्ही तशी काढायचो. अशी रेघ जगात हजारो लोक काढत असतील. मी स्वतःला तेच सांगितलं.

शैला पडद्याजवळ सरकली. "बाकीचे काय म्हणतात गं तिच्याबद्दल?"

"चांगलंच म्हणतात, काकू. मला तर रोज ऐकावं लागतंय. आरोही असं करायची, आरोहीला विचारलं असतं."

शैलाची मान ताठ झाली. लेकीच्या दहावीच्या निकालादिवशी झाली होती, तशी.

फोन ठेवल्यावर मी रुग्णालयाच्या कार्यालयाला मेल लिहिला. दोनच प्रश्न विचारले. एकोणीस ऑगस्ट २०२२ चा माझा मेल तुम्हाला मिळाला होता का? आणि त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तुमच्याकडे कोण होतं?

तीन दिवसांनी उत्तर आलं. भाषा अतिशय सभ्य. असा मेल आमच्याकडे आलेला नाही. त्या ऑगस्टमध्ये भारतातून एकच निरोप आल्याची नोंद आहे: घरात दुःखद घटना घडल्यामुळे आरोही शिगवण एक आठवडा उशिरा रुजू होईल. ती विनंती आम्ही मान्य केली. तिने सहा आठवडे पूर्ण केले. मूल्यमापनाचे कागद सोबत जोडले आहेत.

मी खाली जाऊन प्रिंट काढून आणली. जेवणाच्या टेबलावर कागद पसरले. शैला पदराला हात पुसत समोर बसली. मी इंग्रजी वाचून तिला मराठीत सांगत गेलो.

"रुग्णाला तपासण्याआधी स्वतःचे हात चोळून गरम करते. ऐकून घेते, मग बोलते. चूक झाली तर लपवत नाही. वॉर्डातले म्हातारे तिच्या फेरीची वाट पाहतात. शिक्षण संपल्यावर तिने आमच्याकडे परत यावं, अशी आमची इच्छा आहे."

"पुन्हा वाचा," शैला म्हणाली.

मी तीनदा वाचलं. खरं सांगतो, त्या घडीला भीती कुठेच नव्हती. माझ्या मुलीचं काम इतक्या लांबच्या माणसांनी पाहिलं होतं आणि नावाजलं होतं. अभिमान छातीत मावत नव्हता.

"हात गरम करायची सवय माझी," शैला म्हणाली. "ती तान्ही होती तेव्हापासूनची."

शेवटचं पान उरलं होतं. रुजू होताना आरोहीने स्वतः भरलेला अर्ज. अक्षर तिचंच. याबाबत मी शंकेला जागा ठेवत नाही.

नाव, जन्मतारीख, कॉलेज. सगळं बरोबर.

तातडीचा संपर्क: सदू शिगवण, काका. पुढे गॅरेजचा नंबर.

त्याखाली आई आणि वडील. दोन्ही ओळींत एकच इंग्रजी शब्द होता.

"काय लिहिलंय?" शैलाने विचारलं.

"हयात नाहीत."

तिने कागद आपल्याकडे ओढून घेतला. सर्वात खाली शिष्यवृत्तीचं नाव लिहायची जागा होती. तिथे बोट ठेवून, इंग्रजी अक्षरं एकेक जुळवत, शैलाने ते स्वतःच वाचलं.

"शैला आणि शिवा शिगवण स्मृती शिष्यवृत्ती. वर्ष पहिले."