द्वारकेच्या चाली

या मंडळी, असे पुढे सरकून बसा. भिंतीला टेकलात तर डोळा लागेल. आज पुराणातली नाही, अजून घडायची आहे अशी एक गोष्ट सांगतो.

तेव्हा मेंदूतल्या गाठीचं जेवण मोजता येत होतं. कानामागे टिकलीएवढा यंत्राचा तुकडा चिकटवायचा. गाठ क्षणाक्षणाला किती साखर ओढते त्याची रेघ काचेवर उमटे. तिला म्हणत भूकलेख. जास्त खाणारी गाठ जास्त वाढणारी, इतका साधा हिशेब. मिरजेचे त्रिंबकबुवा आंबेकर महिनाभर ही टिकली लावूनच कीर्तनाला उभे राहत होते.

डॉक्टर मृणाल खरातने भूकलेख त्यांच्यापुढे धरला. “बुवा, पूर्वरंगात गाठ उपाशी. तुमचा वेदान्त तिला पचत नाही.”

“श्रोत्यांनाही नाही, डॉक्टरीणबाई. पुढे?”

“आख्यानात मात्र मध्येच ताव मारते. चित्रण जुळवून पाहिलं. दर वेळी तुमचा हात कानाच्या पाळीला गेलेला असतो.”

बुवांचं हसू मावळलं. गुरूचं स्मरण झालं की गाणारा कानाची पाळी धरतो, एवढं तिला ठाऊक असावं.

“चाली आमच्या द्वारकेच्या,” ते म्हणाले. “पेटीवर बसून तिनेच घोटून घेतल्या. बायकोच्या नावानं कान धरणारा बुवा म्हणून लोक हसायचे, आणि ही लाजून पेटीवर वाकायची. सहा वर्षं झाली जाऊन.”

मृणालने काच बाजूला ठेवली. “गाठीला आठवण नसते, बुवा. पण शेजारच्या पेशी जाग्या झाल्या की त्यांच्या पाझरावर ती पोसते. तुमची नेमकी द्वारकाबाईंच्या आठवणीशेजारी बसली आहे. तेवढ्या पेशी कायमच्या निजवता येतात. मग गाठ उपासानं थिजेल.”

“आणि चाली?”

“त्या दुसरीकडे आहेत, त्या राहतील. द्वारकाबाई नाही राहणार.”

“नाही निजवल्या तर?”

“दिवाळीच्या आत गळा जाईल. मागोमाग तुम्ही.”

“मोजलं नसतंस तर बरं होतं गं. दोघं बरोबर गेलो असतो.”

“मोजल्यावर निवडावं लागतं,” ती हळूच म्हणाली.

बुवांचा जीव ‘नको’ म्हणत होता. पण बत्तीस चाली, एकही कागदावर नाही. शिष्या रेवतीला आल्या होत्या अकरा. आपण गेलो तर द्वारका दुसऱ्यांदा जाणार. आणि राहिलो तर?

दत्ताच्या देवळात त्यांनी त्या आठवड्यात आख्यान लावलंच नाही. नुसती द्वारका सांगितली. पेटीची काळी दोनची पट्टी अडकली की ती तिच्यावर फुंकर घालायची, लहान मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्यावर घालतात तशी. सूर चुकला की डोळे वटारायची, बरोबर लागला की नाकातल्या नाकात हसायची. काचेवर रेघ नुसती चढत होती. “ही आमची ठेव,” बुवा हात जोडून म्हणाले, “आजपासून तुमच्या घरी.”

दिवाळी झाली. पेशी निजवून झाल्या होत्या, भूकलेख सपाट होता. मृणालने सगळ्यांना बजावलं होतं, बुवांना द्वारकेचं काही सांगायचं नाही. नवी आठवण रुजली तर गाठीला नवं ताट.

रेवती पेटीवर होती. बुवांचा आवाज खणखणीत लागला. चालीनं वळण घेतलं आणि त्यांचा हात आपसूक वर गेला, पाळीला टेकला, तिथेच थबकला.

“रेवती, चाल मोठी गोड आहे. कुणाची गं?” ते म्हणाले. “आणि हा हात इथे कशाला येतो?”

रेवती पेटीवर वाकली, आणि अडकलेल्या पट्टीवर तिनं फुंकर घातली. बुवा कौतुकानं बघत राहिले. काय छान लकब आहे या मुलीची, त्यांना वाटलं.

मंडळी, त्यांना सांगू नका. पण अशी चाल कधी कानावर आली तर क्षणभर कानाची पाळी धरा, आणि द्वारका आंबेकरांची आठवण काढा. ती काढायला आता तुम्हीच आहात.