धाकटीचं माप, थोरलीचं अंग

"माझे कपडे ताईच्या अंगावर बघून घे ना आई, आमचं दोघींचं माप एकच आहे," फोनमधून धाकटीचा हसरा आवाज आला, आणि आईच्या डोळ्यांत औषधाचे थेंब सोडणाऱ्या थोरलीचा हात मध्येच थबकला... थेंब डोळ्यात न पडता आईच्या गालावरून ओघळला.

"डोळा वर आहे गं, शहाणे," आई म्हणाली. मग फोनकडे तोंड करून तिने आवाज मऊ केला. "बघते हो पाखरा. हिला उभी करते आणि बघते."

आईच्या ओठांवर धाकटी नेहमी 'पाखरू' होती आणि थोरली 'शहाणी'. त्या शहाणीत पूर्वी लाड असायचा, आता टोचणी होती.

पुढच्या ऋतूत धाकटी आईला क्रूझवर नेणार होती. बोटीवर दहा दिवस, चहूकडे पाणी, सकाळी डेकवर चहा! आईने उभं आयुष्य एका शिवणघरात बोटीवरच्या वाढप्यांचे पांढरे कोट शिवण्यात घालवलं होतं. हजारो कोट तिच्या हातांखालून समुद्रावर गेले आणि ती मात्र त्याच खिडकीपाशी, त्याच मशिनवर पाय हलवत राहिली. आता काचबिंदूने डोळ्यांचा उजेड जवळजवळ पुसून नेला होता. रंगांचे मोठे डाग तेवढे दिसत. ते मावळायच्या आत एकदा निळं, अफाट निळं बघावं, एवढीच तिची आस उरली होती.

धाकटीच्या दूरच्या शहरात तेव्हा थंडी, दुकानांतून सगळी लोकरच लोकर. म्हणून बोटीसाठी हलके, मोकळे कपडे आईने इकडेच घ्यावेत, स्वतःसाठीही आणि धाकटीसाठीही, असं मायलेकींनी फोनवर ठरवलं. थोरलीला कोणी विचारलं नाही. ती बोटीवर जाणार नव्हतीच मुळी... तिचा समुद्र बघून झाला होता ना!

हा समुद्र म्हणजे थोरलीच्या कपाळावरचा डाग होता. दोन वर्षांपूर्वी, आईची नजर नुकती विझू लागली होती तेव्हा, ती काम करायची त्या कारखान्यातल्या मैत्रिणींबरोबर समुद्रकाठी चाललेय असं सांगून ती पंधरवडाभर घराबाहेर राहिली होती, आईला शेजारणीच्या भरवशावर टाकून. परत आली ती शिंपल्यांचा एक डबा घेऊन. आईने डब्याला हात लावला नाही. तेव्हापासून घरी जो येईल त्याला आई सांगायची, "माझे डोळे जात होते, आणि ही लाटा मोजत बसली होती." धाकटीनेही फोनवर तिची चांगली हजेरी घेतली होती. थोरलीने सगळं मान खाली घालून ऐकलं.

कारण समुद्र तिने पाहिलाच नव्हता. तो पंधरवडा तिने इस्पितळाच्या एका खाटेवर काढला होता. डाव्या बाजूला जिथे स्तन असायला हवा तिथे आता एक सपाट, ओढलेला व्रण होता, आणि शिंपले इस्पितळासमोरच्या खेळण्यांच्या दुकानातले होते. सहलीचं खोटं तिने मुद्दाम निवडलं होतं. आई चिडेल, बोलेल, पण चिडलेलं माणूस जेवतं, झोपतं, जगतं... काळजीने पोखरलेलं माणूस जगत नाही, हे तिने वडिलांच्या आजारपणात आईकडे बघूनच ओळखलं होतं.

तेव्हापासून तिने आईला जवळ येऊ दिलं नाही. हात धरून चालवायची, जेवू घालायची, केस विंचरून द्यायची, पण मिठी म्हणून नाही. आई चाचपडत जवळ आली की ही काहीतरी काम काढून उठायची. लेक दगड झाली, असं आईने धरून टाकलं.

आणि आता दुखणं परत आलं होतं. हाडांत उतरलं होतं. पुढचे उपचार लांबलचक आणि कठीण, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा थोरलीला स्वतःचा नव्हे, आईचाच विचार आधी सुचला. तिने धाकटीला फोन करून सुचवलं की आईला समुद्र दाखव, आणि बोटीवरून उतरलात की तशीच तुझ्या घरी ने, काही महिने ठेवून घे. मग धाकटीने विचारलं, सुटका हवीय का तुला? थोरलीने उत्तर दिलं की हो, दमलेय मी. त्या 'हो'ने धाकटीच्या मनातून ती पार उतरली, पण काम झालं. आई एकदा हसत बोटीवर चढली की झालं... मग इकडे काय होईल ते होईल.

* * *

थोरलीने स्वतः शोधून आईला घाईने जिथे आणलं ते दुकान प्रशस्त होतं, खास प्रवासाच्या कपड्यांचं. भिंतीवर बोटीचं भलंमोठं चित्र, खाली हँगरवर पांढऱ्या पँटी, सैल शर्ट, रुंद काठाच्या टोप्या, फुलाफुलांचे लांब झगे. आईला खुर्ची मिळाली आणि दुकानातल्या बाई एकेक कपडा आणून तिच्या मांडीवर ठेवू लागल्या. आईची बोटं कापडावरून फिरत तेव्हा ती बोटं नव्हतीच, ते तिचे डोळेच होते. शिवण उलटून बघत, काजं चाचपत, काठ मोजत.

"हा झगा आहे की तंबू?" एक कपडा बाजूला सारत ती म्हणाली. "बोटीला शीड कमी पडलं तर लावतील."

दुकानातल्या बाई खळखळून हसल्या. थोरलीही हसली. कितीतरी दिवसांनी आईच्या चेहऱ्यावर अशी कोवळी, मुलीसारखी लगबग उमटली होती, आणि ती बघताना थोरलीच्या मनात एकाच वेळी सुख आणि यातना दाटून येत होत्या. हिला असंच जाऊ दे... असंच हसत जाऊ दे.

आईचं स्वतःचं घेऊन झालं. मग धाकटीची पाळी. लेबलावर माप असतं आई, असं थोरलीने सांगून पाहिलं. आईने ते उडवून लावलं. तिच्या मते लेबलं लावणारे लोक कोणाच्या अंगाला हात लावून माप घेत नाहीत, मग त्यांचं खरं कसं मानायचं? शिवणघरातला तिचा नियमच होता, माप अंगावरचं आणि अंगावर दुसरं कापड नको. तिने थोरलीला कपडे बदलायच्या खोलीत धाडलं आणि स्वतः दाराशी स्टूल मागून घेतलं.

पहिले दोन शर्ट निभावले. त्यांना पुढून बटणं होती. थोरली घालून बाहेर आली, पाठ करून उभी राहिली, आईने मागून खांदे चाचपले, पाठीवरून हात फिरवला. "छान. पाखराला छान दिसेल." थोरलीने डोळे मिटून घेतले. धाकटीच्या सुखाचं माप घ्यायला आपण उभं राहायचं, हे तर लहानपणापासूनचंच होतं, त्याचं तिला काही वाटत नव्हतं. फक्त हात पुढे येऊ नये... एवढंच.

तिसरा कपडा निळा झगा होता. निळा म्हणजे एवढा निळा की आईला त्याचा रंग दिसला. "हाच," ती हरखून म्हणाली, "हा घालून ती डेकवर उभी राहिली तर मला ती दिसेल बघ."

झगा डोक्यावरून घालायचा होता. थोरलीने उजवा हात सरळ वर घातला, पण डावा खांद्याच्या वर जाईना. त्या बाजूची कातडी शस्त्रक्रियेपासून आखडली होती. तिने जोर केला, तोंड कापडात, एक हात आत, एक बाहेर, आणि शिवण कुठेतरी अडकली. ओढताना तिच्या तोंडून एक बारीक कण्हणं निसटलं.

"काय झालं?" बाहेरून आईने विचारलं.

"काही नाही. येते."

पण आई तोवर उठली होती, पडदा सारून आत आली होती. कपड्यात अडकलेली लेक सोडवायला आईला डोळे कशाला लागतात! "हात सैल सोड, मी वरून ओढते," म्हणत तिने झग्याची कड पकडली, झगा निघाला, आणि त्याच्याबरोबर आतल्या कपड्यातून काहीतरी मऊ सुटून आईच्या तळव्यात येऊन पडलं.

कापसाची छोटी, गोल उशी होती ती. थोरलीने स्वतः शिवलेली.

आईने ती दाबली. कडेने अंगठा फिरवला. शिवणकाम करणारीच्या लेकीला सुई कधी जमली नाही, हा घरातला जुना विनोद होता. "टाके तुझेच," आई हळूच म्हणाली. "वाकडे."

आणि मग तिचा हात पुढे आला. थोरली मागे सरकली, पण मागे आरसा होता. आईची बोटं लेकीच्या छातीवर टेकली, तिथे जे असायला हवं ते त्यांना सापडलं नाही, मग ती बोटं त्या व्रणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश, एखादी उसवलेली शिवण तपासावी तशी चालत गेली... आणि काखेपाशी जाऊन थांबली.

बाहेर दुकानातल्या बाई कोणाला तरी टोप्या दाखवत होत्या.

"कधी?" आईने विचारलं.

"आई, बाहेर चल ना..."

"कधी कापलं?"

"तेव्हाच. मी समुद्रावर गेले होते ना... तेव्हा."

आईने हात काढला नाही. "जवळ कोण होतं तुझ्या?"

"नर्स होत्या."

"म्हणजे कोणी नव्हतं." ती तशीच उभी राहिली. तिच्या विझलेल्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, औषधाच्या थेंबांसारखं, गालावरून थेट खाली. "काय काय बोलले गं मी तुला... येणाऱ्या-जाणाऱ्यांना बोलावून बोलले."

"मला चाललं ते. तू रागावलीस तर बघवतं मला. रडलेली नाही बघवत."

"डोळे माझे देवाने नेले," आई म्हणाली. "पण हात होते ना. ते का नेलेस? दोन वर्षं मला शिवू दिलं नाहीस."

या बोलण्याने थोरलीच्या आतलं, इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं हललं. तिला बोलायचं नव्हतं, पण आईच तिच्या आधी तिथे पोहोचली. मला बोटीवर चढवायची तुला एवढी घाई का होती, कपड्यांपासून सगळं तू मनावर का घेतलंस, असं ती थांबत थांबत विचारू लागली, आणि शेवटचा प्रश्न तिने अर्धाच सोडला, कारण उत्तर तिच्या बोटांना आधीच कळलं होतं. तिथल्या बरगड्या मोजता येत होत्या.

"परत आलंय, आई."

आईने मान हलवली. भिंत चाचपली आणि ती खोलीतल्या अरुंद बाकावर बसली. थोरली तिच्या पायांशी बसली आणि विनवू लागली की तरीही तू जा, तुझ्या डोळ्यांत आता थोडाच उजेड उरलाय, तो माझ्या खाटेशी घालवू नकोस, धाकटीने सगळं ठरवलंय, समुद्र बघून ये.

"समुद्र जागचा हलत नाही," आई म्हणाली. "तुझं मला माहीत नाही."

थोरलीने डोकं आईच्या मांडीवर ठेवलं, अर्धवट कपड्यांत, परक्या दुकानाच्या त्या खोलीत, आणि आई तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. दोन वर्षांत तिला कोणी असं धरलं नव्हतं. ती रडली ती मरणाच्या भीतीने नाही... लपवायला आता काही उरलं नाही, म्हणून.

मग आईने फोन मागितला. धाकटीला तिने सगळं सांगितलं, सरळ, कुठेही न रडता. ताईला फोन दे, असं शेवटी धाकटी म्हणाली. थोरलीने तो कानाला लावला.

"सुटका हवीय का, असं विचारलं होतं मी तुला," धाकटी म्हणाली. "ताई... बोट गेली खड्ड्यात. मी येतेय."

आईने पडदा सारला. निळा झगा, पांढरी पँट, रुंद काठाची टोपी, सगळं तिने परत दुकानातल्या बाईंच्या हातात दिलं. बाईंनी काळजीने विचारलं की पसंत नाही पडलं का? पसंत पडलं होतं, आई म्हणाली, पण आता दुसरं हवं होतं. पुढून पूर्ण उघडणारे गाऊन. मऊ सुती, बटणं मोठी, हात वर न करता घालता येतील असे.

"प्रवासासाठीच ना?" बाईंनी विचारलं.

"हिच्यासाठी," आईने थोरलीच्या खांद्यावर हात ठेवला.

बाई आतून एक फिकट गाऊन घेऊन आल्या. आईने तो उलगडून लेकीच्या अंगाला लावला, या वेळी समोरून, आणि तिचा हात उजवीकडून डावीकडे जाताना त्या सपाट जागेपाशी चुकला नाही, घाबरला नाही. तिथे कापड लोंबत होतं. आईने ते चिमटीत धरलं, किती ते बोटांनी जोखलं आणि मान हलवली.

"ही बाजू आत घ्यावी लागेल," ती म्हणाली. "घरी गेल्यावर घेते मी. तू तेवढी सुई ओवून दे."