गुडघ्याला निरोप मिळालाच नाही

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! दुखावला होता गुडघा आणि औषधाची टिकली चिकटवली होती दंडावर. बारा वर्षांच्या ओजूला हे कोडं पहिल्या दिवसापासून पडलं होतं. आणि आता तर त्या टिकलीचा काही उपयोगही होत नव्हता!

ओजू म्हणजे ओजस्वी कदम. साताऱ्यातल्या एका व्यायामशाळेच्या मल्लखांबाच्या मनोऱ्यात सगळ्यात वर उभी राहणारी ती हीच. उन्हाळ्यात तिची उडी चुकली आणि उजव्या गुडघ्यातली कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर) फाटली. शेक झाला, लेप झाले. ठणका थांबला, पण कूर्चा काही भरेना. शेवटी नलूआत्यानं आपल्या प्रयोगशाळेतली नवी टिकली तिच्या दंडावर लावली. राज्य स्पर्धा दिवाळीनंतर होती, पण नावं आजच पाठवायची होती. व्यायामशाळेच्या घाटगे सरांनी बजावलं होतं, "गुडघा भरायला लागला असेल तर सांग. नाहीतर वर दुसरं कुणीतरी उभं राहील."

आत्याच्या प्रयोगशाळेतल्या पडद्यावर गुडघ्याचं चित्र उमटलं. फाटलेली जागा जशीच्या तशी! ओजूला रडूच कोसळलं.

"तुझी टिकलीच फालतू आहे, आत्या! गुडघा सोडून दंडाला कशाला लावलीस?"

"गुडघ्याची कातडी सारखी ताणते, तिथे टिकली टिकणार नाही," आत्या म्हणाली. "आणि तिथे लावायची गरजही नाही. मला सांग, सर भोंग्यावरून ओरडतात, 'मनोऱ्यावाले, या!' तेव्हा ते ऐकू कुणाला येतं?"

"अख्ख्या मैदानाला."

"आणि धावत कोण येतं?"

"आम्हीच. बाकीच्यांना काय करायचंय?"

"बरोबर! टिकलीत संप्रेरक आहे. संप्रेरक म्हणजे रक्तातून सगळ्या अंगभर फिरणारा रासायनिक निरोप. हा निरोप सांगतो, 'कूर्चा बांधा!' तो सगळीकडे जातो, पण ऐकतात त्याच पेशी, ज्यांच्यावर त्याचा ग्राही (निरोप ओळखणारा भाग) असतो. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून निरोप रक्तातून आधी सांध्यातल्या पाण्यात झिरपतो आणि मग पेशींपर्यंत पोचतो."

ओजूनं डोळे पुसले. "मग माझ्या गुडघ्यातल्या पेशी बहिऱ्या आहेत का?"

"मुळीच नाहीत," कोपऱ्यातून आवाज आला. तो होता ठोकळा, प्रयोगशाळेतला यंत्रमानव. चौकोनी दिसतो म्हणून हे नाव ओजूनंच ठेवलेलं. "तुझ्या काही पेशी मी बशीत वाढवल्या. त्यांच्यावर निरोपाचा थेंब टाकला. लगेच कामाला लागल्या!"

म्हणजे ऐकणारे जागे होते. मग गडबड कुठे होती? ओजू रडणं विसरलीच. आता कोडं सुटल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं.

"भोंगाच बंद असेल तर?" ती एकदम म्हणाली. "रक्तात निरोप आहे की नाही ते बघू या!"

ठोकळ्यानं रक्ताचा थेंब घेण्यासाठी रबरी बोटांनी तिचा दंड धरला. सटकन हात निसटला! त्यानं पुन्हा धरला, पुन्हा सटकला. कोपर कुईकुई करत तो चक्रावून म्हणाला, "माझी पकड कधीच सुटत नाही!"

ओजू आपल्या दंडाकडे बघतच राहिली. टिकलीची कड उचललेली होती.

"आत्या! तेल! एरंडेल!"

चढायला बंदी झाल्यापासून खांबाला एरंडेल लावायचं काम ओजूनं मागून घेतलं होतं. रोज सकाळी खांबाला मिठी मारून ती पार खांद्यापर्यंत माखून निघायची.

"अगं, दंडाला काही लावतेस का, असं मी दोनदा विचारलं होतं ना?"

"मी दंडाला कुठे लावते? खांबाला लावते!"

आत्यानं कपाळावर हात मारला आणि दोघी पोट धरधरून हसल्या. "काखेत कळसा नि गावाला वळसा! तेलकट कपाळावर साधी टिकली टिकत नाही, मग ही कशी टिकेल? हिच्या केसाहून बारीक सुया कातडीत शिरल्याच नाहीत. औषध टिकलीतच राहिलं."

ठोकळ्याची तपासणीही तेच सांगत होती. रक्तात निरोपाचा मागमूस नव्हता.

नवी टिकली पोटावर, कोरड्या कातडीवर बसली. ओजूनं सरांना फोन करून सगळं खरं खरं सांगितलं. सर म्हणाले, "नाव राखीव म्हणून घालतो. वर कोण उभं राहणार ते तुझा गुडघा ठरवेल. आणि उद्यापासून तेल लावायला दुसरं कुणी!"

पावसाळा सरता सरता पुन्हा चित्र काढलं. फाटलेल्या जागेवर पांढऱ्या कूर्चेची पातळ, नवी साय धरली होती! ओजूनं आनंदानं आत्याला मिठी मारली.

"अजून हळूहळू चालायचं हं," आत्या म्हणाली. "पण या वेगानं गुडघा भरत गेला तर दिवाळीआधी खांबाला हात लावशील. आणि उद्या ही टिकली कितीतरी लोकांना पुन्हा चालायला लावेल."

ठोकळ्यानं आपलं कुरकुरणारं कोपर पुढे केलं. "मलाही एक टिकली मिळेल का?"

"तुझ्या कोपरात निरोप ऐकायला कोण बसलंय रे?" ओजू खदखदून हसली आणि तिनं दप्तरात तशीच पडून राहिलेली तेलाची बाटली काढली. "तुला एरंडेलच!"